पिट म्हणजे नक्की कुठे?

कॉलेजात एकांकिकेच्या तालमी चालायच्या तेव्हा आमचे सर हॉलच्या पार मागच्या भिंतीला खुर्ची टेकवून बसायचे. वाक्य ऐकू आलं नाही की नुसता हात वर करायचे, बोलायचे काही नाहीत. हात वर गेला की आम्ही थांबायचं आणि तेच वाक्य पुन्हा म्हणायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांसाठी नाटक करू नका रे. पिटातल्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे." आम्ही माना डोलावल्या. पिट म्हणजे काय, हे आमच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. मी आपला अर्थ लावला होता की टाळ्या पिटतो तो पिटातला माणूस.

ती समजूत बरीच वर्षं टिकली, कारण मराठीत हा शब्द भेटतो तिथे टाळ्या आणि शिट्ट्या आसपास असतातच. एखादा नट 'पिटातल्या टाळ्या घेतो' असं कुणी म्हटलं की ते कौतुक नसतं. 'पिटातलं पब्लिक' म्हटलं की पडद्यावर चिल्लर उधळणारी पोरं डोळ्यांपुढे येतात. पण आपल्या 'पिटणे' या क्रियापदाशी या शब्दाचा काही संबंध नाही. शब्द इंग्रजी आहे, त्याचा साधा अर्थ खड्डा, आणि तो आपल्याकडे आला तिकिटाच्या खिडकीतून.

आधी सरळ अर्थ सांगतो. जुन्या इंग्रजी नाट्यगृहात बसायच्या जागांचे मुख्य भाग तीन. भिंतींच्या कडेने बॉक्स, म्हणजे चार-सहा जणांसाठी केलेले छोटे कप्पे. वर गॅलरी. आणि खाली, रंगमंचाच्या थेट समोर, मधोमध पिट. तिथे पाठ नसलेली लांब बाकं असत, त्यांवर नंबर नसत. आधी आला तो पुढे बसला. पुढे एकोणिसाव्या शतकात या पिटाचा पुढचा तुकडा कापून तिथे गादीच्या, नंबरच्या खुर्च्या बसवल्या गेल्या आणि त्यांना स्टॉल म्हणू लागले. उरलेला पिट मागे, वरच्या मजल्याच्या छताखाली सरकला. म्हणजे एकाच शब्दाचा पत्ता दोनशे वर्षांत पुढून मागे गेला. आमचे सर ज्या पिटाबद्दल बोलत होते तो हा मागचा पिट.

नाव कुठून आलं? सतराव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये कोंबड्यांच्या झुंजी लावायच्या बंदिस्त जागा होत्या. मधे झुंजीचा गोल, भोवती बसायला बाकं. अशा जागेला कॉकपिट म्हणत. ड्रूरी लेनजवळची अशी एक जागा ख्रिस्तोफर बीस्टन या नटाने १६१६ साली घेतली आणि तिचं छत असलेलं नाट्यगृह केलं. नाट्यगृहातल्या पिटाचं नाव या झुंजीच्या खड्ड्यावरूनच पडलं असं साधारण मानतात. पुढच्याच वर्षी, ४ मार्च १६१७ रोजी, शहरातल्या उमेदवार कारागीर पोरांच्या जमावाने त्या नाट्यगृहावर हल्ला करून मोडतोड केली. बीस्टनने आपली नाटकं जुन्या उघड्या, स्वस्त नाट्यगृहातून उचलून या महागड्या जागेत आणली होती आणि त्या पोरांचा राग त्याचाच होता, असं अभ्यासक सांगतात. या शब्दाच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा होताना दिसेल: जागा महाग होते, आणि माणसं हिसका दाखवतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. शेक्सपिअरच्या ग्लोब नाट्यगृहात एक पेनी देऊन उभ्याने नाटक पाहणाऱ्या गर्दीला आपण सर्रास 'पिटातले' म्हणतो. त्या जागेचं नाव पिट नव्हतं, यार्ड होतं. उघडं आकाश, खाली जमीन, बसायला काही नाही. आपल्या भाषेत अंगणच. पिट ही छताखालच्या नाट्यगृहातली जागा, आणि तिथे बाकं होती. छताखालच्या ब्लॅकफ्रायर्स नाट्यगृहात सगळ्यांत स्वस्त जागेला सहा पेन्स पडत, ग्लोबच्या सहापट. आणि ती स्वस्त जागा वर गॅलरीत होती. पिटाला त्याहून जास्त मोजावे लागत. तेव्हा पिट म्हणजे गरिबाची जागा, ही समजूत निदान शब्दाच्या जन्मापासूनची तरी नाही.

याची सगळ्यांत बोलकी साक्ष मिळते ती सॅम्युएल पीप्स या माणसाच्या रोजनिशीत. नौदलाच्या कचेरीतला हा अधिकारी नाटकांचा विलक्षण शौकीन होता. १६६० नंतरच्या त्या दशकात लंडनचे दर ठरलेले होते: बॉक्स चार शिलिंग, पिट अडीच, मधली गॅलरी दीड, वरची एक. १९ जानेवारी १६६१ ला पीप्स दीड शिलिंगाच्या जागेवर बसला होता आणि त्याच्याच कचेरीतले चार कारकून अडीच शिलिंगाच्या जागेत बसलेले त्याला दिसले. त्यांनी आपल्याला इथे पाहिलं याने तो खट्टू झाला, तसं त्याने लिहूनही ठेवलं. सात वर्षांनी, १ जानेवारी १६६८ ला, तो नोंदवतो की अडीच शिलिंगाच्या पिटात आता साध्या उमेदवार पोरांची केवढी गर्दी असते. तो पुढे लिहितो, मला नाटक परवडू लागलं तेव्हा मी कैक वर्षं एक शिलिंगाच्या, मग दीड शिलिंगाच्या जागेवर बसलो, आणि तेही ओढाताण करून. या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की पिट म्हणजे काय ते कळतं. ती मधल्या माणसाची जागा होती. तिथे पोचायला पैसे साठवावे लागत, आणि पोचल्यावर आपण कुणीतरी झालो असं वाटे.

पिटाचा दरारा अठराव्या शतकात होता. वकिलीचे विद्यार्थी, लेखक, दुकानदार, बारकाईने नाटक पाहणारे नेहमीचे रसिक तिथे बसत. नाटक पडलं की चाललं, ते पिट ठरवायचा. दोन गोष्टींमुळे हे शक्य होत होतं. एक तर जवळीक: रंगमंचाच्या कडेला टेकलेल्या बाकांवरून नटाच्या चेहऱ्यावरचा घाम दिसे. दुसरी गोष्ट उजेडाची, आणि ती आपल्या लवकर लक्षात येत नाही. प्रेक्षागृह अंधारात ठेवण्याची पद्धत बऱ्याच नंतर, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली. तोवर प्रेक्षकांच्या डोक्यावरचे दिवे नाटकभर जळत असत. नटाला पिट दिसत होता, पिटाला पिट दिसत होता. कोण हसलं, कोण उठलं, कुणाच्या भुवया वर गेल्या, सगळं उघड्यावर. आपण अंधारात बसून एकेकटे नाटक पाहतो. त्या उजेडात माणसं जमावाने नाटक पाहत.

या गर्दीची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. पिटाला नंबर नसल्यामुळे दारं उघडली की धावाधाव होई. ३ फेब्रुवारी १७९४ रोजी लंडनच्या हेमार्केट नाट्यगृहात राजा तिसरा जॉर्ज नाटकाला येणार होता. पिटाकडे जायला पायऱ्या उतराव्या लागत. पुढचे कुणी पडले, मागून रेटा येतच राहिला, आणि किमान १५ माणसं त्या पायऱ्यांवर चेंगरून गेली. 'खड्डा' हा शब्द तिथे अक्षरशः खरा होता.

आता १८०९ कडे येऊ. कॉव्हेंट गार्डनचं नाट्यगृह आदल्या वर्षी आगीत जळालं होतं. ते नव्याने बांधून १८ सप्टेंबर १८०९ ला उघडलं तेव्हा व्यवस्थापक जॉन फिलिप केंबल यांनी दर वाढवले. पिट साडेतीन शिलिंगांवरून चारवर, बॉक्स सहावरून सातवर. शिवाय एक अख्खा मजला श्रीमंतांच्या वर्षभराच्या खाजगी बॉक्ससाठी राखून ठेवला, आणि गॅलरी इतक्या वर ढकलली की तिथल्या लोकांना नटांचे पाय तेवढे दिसत. पहिल्याच रात्री प्रेक्षकांनी नाटक ऐकू दिलं नाही. ते रंगमंचाकडे पाठ करून उभे राहिले आणि 'जुने दर' असं ओरडत राहिले. दुसऱ्या रात्रीही तेच. काठ्या, खुळखुळे, घंटा, फलक, एकदा तर चक्क शवपेटी आली. बाकांवर ठेक्यात पाय आपटायचा एक नाचच त्यांनी तयार केला. केंबल यांनी पैसे देऊन मुष्टियोद्धे आणून बसवले, त्याने भडका आणखी वाढला. हे सुमारे ६७ रात्री चाललं. शेवटी डिसेंबरात केंबल यांनी माफी मागितली, पिटाचा दर पुन्हा साडेतीन शिलिंग झाला, खाजगी बॉक्स कमी झाले. वरच्या बॉक्सचा दर मात्र सातच राहिला, आणि त्याला पिटाने हरकत घेतली नाही.

अर्ध्या शिलिंगासाठी तीन महिने? मला हे वाचताना सुरुवातीला अतिरेक वाटला होता. नंतर लक्षात आलं की भांडण पैशापेक्षा जागेचं होतं. नाट्यगृह कुणाचं, हा तो प्रश्न होता. पिटातली माणसं स्वतःला गिऱ्हाईक मानतच नव्हती. ती स्वतःला मालकांपैकी एक मानत होती.

पुढची सत्तर वर्षं पिट हळूहळू हरत गेला. पुढच्या बाकांच्या जागी स्टॉलच्या खुर्च्या आल्या. दरवर्षी दोन रांगा, चार रांगा. एका स्टॉलच्या तिकिटात पिटाची कितीतरी तिकिटं बसत, त्यामुळे मालकाचं गणित सोपं होतं. हेमार्केट नाट्यगृह बॅनक्रॉफ्ट पतिपत्नींनी चालवायला घेतलं आणि ३१ जानेवारी १८८० ला नव्या रूपात उघडलं, तेव्हा तळमजल्यावर पिट उरलाच नव्हता. भिंतीपासून भिंतीपर्यंत स्टॉल. पिटाच्या लोकांना वरच्या मजल्यावर जागा दिली होती. त्या रात्री पडदा वर गेला आणि आरडाओरडा सुरू झाला, 'पिट कुठे आहे?' बॅनक्रॉफ्ट स्वतः रंगमंचावर येऊन उभे राहिले. गोंधळ शमला, नाटक झालं, आणि यावेळी पिट परत आला नाही. १८०९ मध्ये जिंकलेले १८८० मध्ये एका रात्रीत हरले. मला विचाराल तर कारण त्या उजेडातच आहे: मधल्या काळात प्रेक्षागृह अंधारू लागलं होतं आणि प्रेक्षकाने गप्प बसणं हे सभ्यतेचं लक्षण ठरलं होतं.

त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग झाला. तारखांचा हा योगायोगच आहे, पण मराठी संगीत नाटकाचा मोठा काळ सुरू होतो तो नेमका लंडनचा पिट मावळताना, ही गोष्ट मला फार लागते. कारण शब्द तोवर आपल्याकडे येऊन पोचला होता. मुंबईत इंग्रजांनी १७७६ साली बॉम्बे ग्रीन या मैदानावर लंडनच्या धर्तीचं नाट्यगृह बांधलं होतं. ते कर्जात बुडून विकलं गेल्यावर, जगन्नाथ शंकरशेट यांनी दिलेल्या जागेवर १८४६ मध्ये ग्रँट रोडचं नाट्यगृह उभं राहिलं. सांगलीहून निघालेल्या विष्णुदास भाव्यांनी १८५३ मध्ये मुंबईत येऊन तिथे प्रयोग केले. नाट्यगृह इंग्रजी घाटाचं, म्हणून जागांची नावंही इंग्रजी: बॉक्स, स्टॉल, गॅलरी, पिट.

हे आपल्याला नवं होतं. कीर्तनात, लळितात, जत्रेतल्या दशावतारात बसायच्या जागेला तिकीट नसतं. मानकऱ्यांना पुढे घोंगडी-जाजम घालतात हे खरं, पण तो मान असतो, दर नसतो. कोकणात देवळापुढे दशावतार बघायला बसलात तर आजही सगळ्यांत पुढे गावची पोरं असतात, आणि रात्र चढली की तिथेच झोपतात. पैसे मोजून जागा, आणि जागेवरून माणसाची पायरी, हे तिकिटाबरोबर आलं.

संगीत नाटकाच्या दिवसांत मराठी पिट काय करायचा? 'वन्स मोअर' द्यायचा. हाही इंग्रजीतूनच आलेला शब्द, आणि त्याचं आपण जे केलं ते आपलंच. पद आवडलं की हाळी उठायची, नट तेच पद पुन्हा गायचा, आणि दरवेळी वेगळं गायचा. बालगंधर्वांची नाटकं रात्रभर चालत ती यामुळे. पुढच्या खुर्च्यांवरचे जाणकार माना हलवत. मागून मात्र आवाज येई, आणि तो आल्याशिवाय पद संपलं असं कुणी धरत नसे. या प्रेक्षकाला गाण्यातलं कळत नव्हतं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. अहमदजान थिरकवांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी ऐकत ज्यांचा कान घडला, ते तिकिटाने पिटातले असतील, पण कानाने नव्हेत.

सिनेमा आला आणि शब्दाने पुन्हा जागा बदलली. नाटकात जवळ बसण्यात फायदा असतो, चेहरा दिसतो, आवाज पोचतो. पडद्याचं उलट. तिथे चेहरा मुळातच वीस फुटी असतो, जवळून पाहिला की मान दुखते आणि चित्र तिरकं दिसतं. म्हणून सिनेमागृहात सगळ्यांत पुढची जागा सगळ्यांत स्वस्त, आणि पिट हे नाव तिला चिकटलं. बाल्कनी सिनेमाला महाग आणि नाटकाला स्वस्त, त्याचंही कारण हेच. तेव्हा आपल्या आजोबांनी 'पिटात बसून पाहिलं' म्हटलं तर एकदा विचारावं, नाटक की सिनेमा. नाटक असेल तर ते मागे बसले होते, सिनेमा असेल तर पडद्याच्या नाकाशी.

आणखी एक पिट आहे, वादकांचा. रंगमंच आणि पहिली रांग यांच्यामधला खोलगट भाग. आपल्याकडे संगीत नाटकात तिथे एका बाजूला ऑर्गन आणि दुसऱ्या बाजूला तबला असतो. जर्मनीत वॅग्नर या संगीतकाराने बायरॉइटला १८७६ मध्ये तो इतका खोल आणि वरून झाकलेला केला की वादक प्रेक्षकांना दिसतच नाहीत. नाव एकच असलं तरी हा खड्डा प्रेक्षकांच्या पिटाहून वेगळा. अमेरिकेत गेलेल्या मराठी मंडळींचा घोटाळा होतो तो इथेच: तिथल्या तिकिटावर 'ऑर्केस्ट्रा' लिहिलेलं असतं. ती वादकांची जागा नव्हे. लंडनमध्ये जिला स्टॉल म्हणतात ती तळमजल्यावरची प्रेक्षकांची जागा. शब्द ग्रीक आहे, मूळ अर्थ नाचाची जागा. रोमन लोकांनी तिथे सिनेटरांना बसवायला सुरुवात केली, तेव्हापासून तो बसण्याशी जोडला गेला.

आजच्या मराठी नाट्यगृहात पिट हे नाव उरलेलं नाही. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर १९६८ चं. तिथे काय आणि नंतरच्या नाट्यगृहांत काय, खाली अक्षरांच्या रांगा आणि वर बाल्कनी. पण जुन्या मागच्या पिटाची जागा मात्र बहुतेक ठिकाणी शाबूत आहे: तळमजल्याच्या शेवटच्या चार-पाच रांगा, डोक्यावर बाल्कनीचं छत. तिकीट काढताना हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. नटाचा आवाज आपल्यापर्यंत दोन वाटांनी येतो, एक थेट आणि एक छतावरून, भिंतींवरून परतून. डोक्यावर बाल्कनी आली की वरून परतणारा आवाज तिच्यावरच अडतो. बाल्कनीखालची पोकळी जितकी खोल आणि बुटकी, तितका तिथे आवाज बसका. म्हणून मला निवड असेल तर मी बाल्कनीखालच्या मधल्या खुर्चीपेक्षा वर बाल्कनीतली पहिली रांग घेतो. नट लहान दिसतो, पण शब्द स्वच्छ येतो.

हे सगळं कळल्यावर सरांचं वाक्य मला नव्याने ऐकू आलं. ते स्वतः तरुणपणी नाटक कंपन्यांचे खेळ मागे बसून पाहत आले होते, हे त्यांनी फार नंतर, एकदाच सांगितलं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी आम्हाला खरं नाट्यगृह तासभर मिळालं. मी विंगेतून पाहिलं. पुढच्या रांगा सगळ्या मोकळ्या होत्या, तरी सर चालत चालत पार मागे गेले, बाल्कनीखालच्या अंधारात शेवटच्या रांगेतल्या कोपऱ्याच्या खुर्चीवर बसले आणि तिथून दिसेनासे झाले. हात वर गेला तरी आम्हाला आता दिसणार नव्हता. माझ्या पहिल्या वाक्यानंतर अंधारातून खुर्चीची फळी दोनदा वाजली. मी थांबलो, श्वास घेतला आणि वाक्य पुन्हा म्हटलं.